तेरावी रेघ

१

फरशी कापली, स्लॅब फोडला, छातीइतकं खोल खणलं आणि हाती काय लागलं? माती. घट्ट, कधीच न हललेली माती.

शनिवारी सकाळी साडेअकराला घड्याळांच्या कारखान्यात हे झालं. खड्ड्याच्या काठावर पाच माणसं उभी होती. कारखान्याचा म्हातारा मालक घड्याळजी. त्याचा थोरला मुलगा. थोरल्याची बायको. भट्टीवरचा जुना ओतारी. आणि घड्याळजीची धाकटी मुलगी, जी नऊ वर्षांनी या दारातून आत आली होती.

"झालं समाधान?" घड्याळजी तिला म्हणाला. "आता नीघ."

नऊ वर्षांपूर्वी या धाकटीने गावाच्या वाचनालयासाठी एक घड्याळ बनवलं होतं. माणसाएवढं उंच, लोखंडी सांगाडा, पितळी चाकं, दोन वर्षांची मेहनत. सोमवारी ते पोचवायचं होतं. शनिवारी संध्याकाळी ते कारखान्यात होतं, सोमवारी सकाळी नव्हतं. बापाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की दुसरा एक कारखाना हिच्या मागे लागला होता, हिने नेऊन दिलं त्यांना. चोर म्हणून तिला घराबाहेर काढलं. तिने शपथा घेतल्या, रडली, भांडली. कोणी ऐकलं नाही.

त्याच सोमवारी कारखान्यात नवीन काँक्रीटची फरशी ओतली होती. कारखाना आधी मोटारींचं गॅरेज होता. गाडीखाली उभं राहून काम करायला जमिनीत एक लांबट खड्डा होता, तो काँक्रीटखाली गेला. धाकटी नऊ वर्षं एकच सांगत होती, माझं घड्याळ त्या खड्ड्यात आहे. पण खड्डा कारखान्यात नेमका कुठे होता, यावरच चौघांची चार मतं. ओतारी म्हणायचा मधोमध, थोरला म्हणायचा आठवत नाही.

यंदा वाचनालयाच्या नव्या समितीने जुनं प्रकरण उकरून काढलं. फरशीखाली एकदा रडारने बघून घ्या, म्हणाले, काही निघालं नाही तर सोमवारी मुलीवर चोरीची तक्रार करतो. घड्याळजीला नाही म्हणता येईना. शुक्रवारी आमच्या ऑफिसची डॉक्टर रडार घेऊन गेली. तिच्या चित्रात खड्डा होता, खड्ड्यात धातू होता. शनिवारी लोकांनी तिच्या नकाशाप्रमाणे खणलं, आणि माती निघाली.

मी तिथे नव्हतो. मी घरी होतो. ऐकलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

२

आनंद का झाला ते सांगतो, लपवण्यासारखं काही नाही.

जमिनीखाली बघायचं रडार म्हणजे चाकांवरचा एक डबा. लहान मुलाच्या बाबागाडीसारखा तो ढकलत न्यायचा. डबा खाली रेडिओच्या लहरी सोडतो. खाली जिथे पदार्थ बदलतो, काँक्रीट संपून माती लागते, माती संपून पोकळी लागते, तिथून थोडी लहर परत येते. किती वेळाने आली त्यावरून खोली कळते. लोखंड-पितळ असेल तर लहर अशी आपटते की पडद्यावर एकाखाली एक पट्ट्यांची शिडी दिसते. बस, एवढंच शास्त्र. बाकी सगळं नजरेचं काम.

ती नजर मी अकरा वर्षं डबा ढकलून कमावली. आधी मी ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर होतो. कोणी शिकवलं नाही. ऑफिसात मला 'ढकल्या' म्हणतात. मग शुक्रवारी रडार घेऊन गेलेली ही मुलगी ऑफिसात आली. डबा कसा धरायचा हे मी तिला दाखवलं, सळ्या कशा दिसतात, पाइप कसा दिसतो, हे मी दाखवलं. तीन वर्षांत ती डॉक्टर झाली, दवाखान्यातली नव्हे, कागदातली, पीएचडीची. नवं मशीन तिला मिळालं. मला जुनं, ज्याचं एक चाक कुईकुई करतं. अहवालावर नाव तिचं. वर मला काका म्हणते. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे!

शनिवारी दुपारी घड्याळजीचा फोन आला.

"त्या बाईंच्या ऑफिसातले ना तुम्ही? तुमचं त्यांच्याशी पटत नाही म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तुमच्याच ऑफिसने. दुसरा कोणी आहे का विचारलं, तर हसले आणि तुमचा नंबर दिला." म्हातारा खोकला. "मला एक कागद हवाय. पहिली तपासणी चुकीची होती, खाली काही नाही, एवढं लिहायचं. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाने."

अनुभवी. अकरा वर्षांत हा शब्द माझ्यासाठी कोणी वापरला नव्हता.

"रविवारी सकाळी येतो," मी म्हणालो.

३

कारखान्याच्या पायरीवर धाकटी बसली होती. आत यायची तिला बंदी होती. मी मशीन उतरवताना ती उठली आणि न सांगता एक बाजू धरली.

"तुम्ही त्या डॉक्टरच्या विरुद्ध लिहायला आलात ना?"

"मी बघायला आलोय."

"मला घड्याळ परत नकोय हो," ती म्हणाली. "ते गंजून गेलं असलं तरी चालेल. बाबांनी एकदा म्हणावं, तू चोर नाहीस. तेवढं ऐकलं की मी जाते. उद्या तक्रार झाली की तेही संपलं."

"एवढं चांगलं होतं का ते?"

"आठवड्याला दोन सेकंद चुकायचं." मग मान खाली घालून म्हणाली, "बाबांचं सगळ्यात चांगलं चाळीस चुकतं. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं होतं. लहान होते, जीभ आवरत नव्हती."

आत गेलो. भिंतीवर ओळीने बारा घड्याळं, सगळी घड्याळजीच्या हातची. तो किल्ली द्यायचं काम करत होता. गुडघे गेलेले, वाकता येत नाही, एका हातात काठी. काठीच्या टोकाचं रबर गेलेलं, टेकेल तिथे फरशीवर बारीक पांढरा ठिपका उठत होता.

"रोज सहाला मीच उघडतो," तो म्हणाला. "कुलपाची चावी दुसऱ्याकडे नाही. घड्याळांना दुसऱ्याचा हात चालत नाही."

गळ्यातल्या जुडग्यातून तो एकेक किल्ली काढत होता. काही मोजायची मला खोड आहे. घड्याळं बारा, किल्ल्या तेरा. तेरावी सगळ्यांत मोठी. असते एखादी जादा, मी मनात म्हटलं.

खोलीला समोरासमोर दोन भिंती. एकीत दार, दुसरीत खिडकी आणि खिडकीखाली हात धुवायचं बेसिन. खिडकीकडे शनिवारचा खड्डा आ वासून पडला होता. दाराकडचा अर्धा भाग लाकडी पेट्यांनी भरलेला. वर छताला लोखंडी रूळ, त्यावर जड सामान उचलायची साखळीची कप्पी.

"या पेट्या कधी आणल्या?"

"काल बाबांनी आणायला लावल्या," थोरला म्हणाला. "सामान आहे. तुम्ही खड्ड्याभोवती बघा की."

बाजूच्या भिंतीलगत पेट्या नव्हत्या, तिथे फरशीवर खडूच्या खुणा होत्या, एक ते बारा. खिडकीपासून दाराकडे, अर्ध्या अर्ध्या मीटरवर; प्रत्येक आकड्याला खोलीच्या आडवी एक रेघ, तिच्यावरून डबा ढकलायचा. आकडे चांगले वीतभर मोठे आणि जरा कापरे. एक खिडकीशी. बारा दारापासून थोडा अलीकडे. अगदी दाराच्या भिंतीशी आकडा नव्हता, नुसता पुसल्याचा पांढुरका डाग.

थोरल्याला म्हटलं, "बहिणीबद्दल काय वाटतं?"

"खरं सांगू? घड्याळ गेलं तेव्हा बरं वाटलं. दोन वर्षं घरात दुसरा विषय नव्हता. मी परीक्षेत पहिला आलो तर बाबा म्हणाले, हो का, आणि तिच्या चाकाचा दात बघायला गेले. पण मी नाही नेलं. तेव्हा अपेंडिक्स फुटून आठवडाभर दवाखान्यात होतो. हिला विचारा."

त्याची बायको, धाकटीची वहिनी, फटकन म्हणाली, "आमचं लग्न होऊन महिना झाला होता. घरात नव्या सुनेला कोणी विचारत नव्हतं, त्या घड्याळाला विचारत होते. मला राग यायचा, येणारच. पण मी रात्रंदिवस यांच्या खाटेपाशी होते. आणि ते धूड उचलायला मी काय पैलवान आहे?"

ओतारी मागच्या अंगणात भेटला. गवत उगवलेल्या एका उंचवट्यावर आम्ही दोघं टेकलो.

"सांगाडा मी ओतला," तो म्हणाला. "पाटीवर नाव कोणाचं? तिचं एकटीचं. माझ्या हाताला अजून भाजल्याचे डाग आहेत, बघा. मेलं ते घड्याळ."

"खड्डा कोणी भरला?"

"चार गाड्या भराव मी मागवला होता. सोमवारी काँक्रीट ओतायला आलो तर मालक म्हणाले, भरून झालंय. सगळीकडे प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर सळ्यांची विरळ जाळी. आम्ही वरून ओतलं, झालं."

"आणि हा ढिगारा कसला?"

"हा? जुना आहे. असाच पडून आहे."

ज्याला विचारावं तो जळत होता. आणि विचारणारा मी, मी काय थंड होतो?

मी खिडकीकडचा मोकळा भाग ढकलून काढला. खड्ड्याभोवती माती, फक्त माती. बेसिनपाशी, दोन आकड्याच्या रेघेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक आडवा पट्टा दिसला. पाइपाच्या डोक्यावरून त्याच्याच दिशेने चाललं की तसंच दिसतं. बेसिनचं पाणी वाहून नेणारा पाइप. त्यात काय विशेष.

कागद काढला. 'खाली काही नाही' लिहिलं. सही तेवढी राहिली.

४

सही का थांबली? नियम आहे, दुसऱ्याचं चूक म्हणण्याआधी त्याची फाइल बघायची. नियम माझाच. मीच तो तिला शिकवला होता.

डॉक्टर ऑफिसात एकटी बसली होती. डोळे सुजलेले.

"या काका. हसून घ्या."

"फाइल दाखव."

"बघा. मला तर काही कळेनासं झालंय. शनिवारी मी दुसऱ्या साइटवर होते. दुपारी पोचले तर म्हणाले, नुसती माती निघाली. त्या आजोबांनी दारातूनच हाकललं. वाटलं, ओल असेल, मशीन फसलं असेल. की मला वाचताच येत नाही, कोण जाणे."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. काय स्वच्छ काम! सळ्यांच्या कमानी एकसारख्या, दातांच्या कवळीसारख्या. तीन, चार, पाच या रेघांवर स्लॅबखाली सरळ, सपाट कडांचा खड्डा, आत पोकळी. आणि चौथ्या रेघेवर पट्ट्यांची शिडी. एवढी ठसठशीत की आंधळ्यालाही दिसावी. इतकं चांगलं मला कधी जमलं नव्हतं.

"रेघा किती?"

"तेरा. शून्य ते बारा."

"शून्य कुठे?"

"दाराशी. दारापासून खिडकीकडे गेले."

मी तिचा नकाशा उचलला. रेघा होत्या, आकडे होते, तीन ते पाच लाल रंगाने भरलेले. दार नव्हतं. खिडकी नव्हती.

"नकाशावर आधी काय काढायचं?" मी विचारलं.

तिने नकाशाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "दार."

"काढलंस?"

"घाई होती हो. फरशीवर आकडे होतेच ना!"

तिची चूक सापडली होती. अखेर! मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण फरशीवर मी खिडकीशी एक बघितला होता. शून्य कुठेच नव्हतं.

ती सारवासारव करत असेल, शून्य दाराशी होतं हे आता रचून सांगत असेल, असं मानायला मी एका पायावर तयार होतो. म्हणून मी अकरावी रेघ उघडली. ती माझ्यावर आदळली. या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबलचक आडवा पट्टा. बेसिनचा पाइप.

फरशीवर तो पाइप दोनच्या रेघेवर होता. तिच्या फाइलीत अकराव्या. माणूस खोटं बोलेल, पाइप जागचा हलत नाही.

आकडे उलटे लिहिले होते, कोणीतरी, शुक्रवारची संध्याकाळ ते शनिवारी सकाळी नऊ, खणणारे यायच्या आधी.

"काय झालं काका?"

मी खिशातला कागद चुरगळला. सांगितलं मात्र नाही. तेवढा आनंद मी तिला एक रात्र उशिरा देणार होतो.

५

सोमवारी सकाळी सगळे कारखान्यात होते. डॉक्टरला मी ओढत आणलं. धाकटी उंबऱ्यावर उभी.

"कागद आणलात?" घड्याळजीने विचारलं.

"आणलाय. आधी थोडं बोलतो." मी फरशीकडे बोट केलं. "या बाईंनी तेरा रेघा आखल्या. शून्य दाराशी, बारा खिडकीशी. शनिवारी सकाळी कोणीतरी आकडे पुसून दुसऱ्या टोकापासून लिहिले. खड्डा दाराकडे होता, लोकांनी खणलं खिडकीकडे. त्या माणसाने एक खिडकीशी लिहिला, दोन, तीन, करत बारापर्यंत आला. बारा झाले आणि दाराशी एक रेघ उरली. तिला त्याने आकडाच दिला नाही, नुसती पुसून टाकली."

"मग?" थोरला म्हणाला. "कोणीही एकपासूनच मोजतो."

"एकपासून कोणीही मोजेल. पण बारानंतर तेरा लिहायला कोणाचा हात अडतो? पुढे रेघ डोळ्यांसमोर आहे, तरी बाराला काम संपलं असं कोणाला वाटतं?"

भिंतीवर बारा घड्याळं टिकटिकत होती.

"मी नुसत्या त्यावर कोणाला धरत नाही," मी म्हणालो. "आकडे वीतभर आहेत आणि कापरे. खाली वाकून लिहिलेले असे नसतात. ते उभ्याने लिहिलेत, काठीच्या टोकाला खडू बांधून. थोरल्याचे गुडघे ठणठणीत आहेत, वहिनींचे, ओताऱ्याचे सुद्धा. शनिवारी नऊच्या आधी या कुलपाची चावी एकाकडेच होती. आणि ओतारीभाऊ, अंगणातला तो ढिगारा कसला?"

ओताऱ्याने डोक्याला हात लावला. "अरे देवा. भराव! खड्ड्यासाठी मागवलेला भराव. चारही गाड्या!"

"म्हणजे खड्डा भरलाच नव्हता. त्यात काय ठेवलं ते झाकून वर फळ्या टाकल्या, प्लास्टिक अंथरलं. वर रूळ आहे, कप्पी आहे. एकट्या माणसाला जमतं."

"बाबा?" थोरला पुटपुटला.

"खोटं आहे," घड्याळजी म्हणाला. पण मुलीकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

"घड्याळं बारा आहेत," मी म्हणालो. "तुमच्या गळ्यात किल्ल्या तेरा का?"

म्हाताऱ्याचा हात आपोआप छातीवर गेला.

६

पेट्या थोरल्यानेच हटवल्या. दाराकडे डॉक्टरने खूण केली, कापणारे आले. काँक्रीटचा तुकडा उचलला, खाली जुनं प्लास्टिक, प्लास्टिकखाली फळ्या, फळ्यांखाली अंधार. थोरला बॅटरी घेऊन उतरला.

"अगं," तो खालून बहिणीला म्हणाला, "याला ग्रीस लावलंय. चाकन् चाक. ताडपत्रीत गुंडाळलंय, वर मेणकापड."

घड्याळजी स्टुलावर बसला.

"फोडायला घेतलं होतं मी," तो म्हणाला. "हातोडा उचलला होता. ते चालू होतं. मी कान लावला. आयुष्यभर मी जो आवाज शोधत होतो तो त्यात होता. वीस वर्षांच्या पोरीला सापडला. मला नाही." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला मुद्दाम बोलावलं होतं मी. वाटलं, हा माणूस सही करेल."

"करतच होतो," मी म्हणालो.

"बाबा," धाकटी उंबऱ्यावरून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "नऊ वर्षं."

म्हातारा खड्ड्याकडे बघून म्हणाला, "चोर नव्हती ती."

"खड्ड्याला नका सांगू. मला सांगा."

त्याने मान वर करायला किती वेळ घेतला ते बारा घड्याळांनी मोजलं असेल. "तू चोर नव्हतीस. मी होतो."

ती आत आली. त्याच्या गळ्यातून जुडगा काढला, मोठी किल्ली सोडवली, बाकीच्या बारा त्याच्या मांडीवर ठेवल्या. मिठी नाही, रडारड नाही. वहिनीने पाण्याचा पेला आणला आणि सासऱ्याला न देता नणंदेला दिला.

अहवाल मी त्याच दुपारी लिहिला. 'पहिली तपासणी बरोबर होती. खुणा नंतर बदलल्या गेल्या.' ही दोन वाक्यं लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात अख्खा कारखाना ढकलून झाला असता. खाली तिचं नाव घातलं, मग माझं.

डॉक्टरने दोनदा वाचलं.

"काका, तुम्ही असं लिहाल असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं. आणि काका म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

तिने नकाशा पुढे ओढला, पेन घेतलं आणि कोऱ्या जागेत दार काढलं. पट्टी न लावता.

वाकडं आलं. मला फार बरं वाटलं.